उलट्या हातांचा राक्षस

मंडळाच्या या पत्रकात पाककृती येतात, गणेशोत्सवाचे वृत्तान्त येतात, टॅक्सची माहिती येते. राक्षस कसा रंगवावा यावर आजवर काही आलेले आमच्या पाहण्यात नाही. पण गेल्या दोन-तीन पॉटलकना ज्या ज्या घरी गेलो, तिथे एका कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरलेले, त्यावर रंगांच्या चिमुकल्या बाटल्या आणि एखादा अर्धवट रंगलेला ड्रॅगन दिसला. तेव्हा हा प्रकार आमच्या एकट्यांच्याच घरचा नाही हे लक्षात आले. म्हणून हा प्रपंच.

ज्यांच्या घरी हे वारे अजून शिरलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ आहे. चार-सहा मुले टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, आणि फासे टाकत टाकत गोष्ट पुढे सरकते. कोण कुठे उभा आहे ते कळावे म्हणून पटावर छोट्या मूर्ती ठेवतात. मुले त्यांना 'मिनी' म्हणतात. माणसाची मूर्ती साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंच, म्हणजे आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याच्या निम्म्याहूनही लहान. ती कोरी मिळते, रंगवायची आपण. पुष्कळ मुलांना पुढे पुढे खेळापेक्षा हे रंगवणेच जास्त आवडू लागते, आणि मग खेळांची दुकाने स्पर्धा ठेवतात.

आमच्या जवळच्या दुकानाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशीच एक ठेवली होती. हॅलोविनचा महिना, म्हणून विषय 'मॉन्स्टर'. मूर्ती विकत घेतलेली चालेल, रंग कुठलेही चालतील, मुदत एक महिना. मात्र ब्रश स्पर्धकानेच धरला पाहिजे, दुसऱ्या कोणाचा हात मूर्तीला लागता कामा नये. या शेवटच्या नियमावरून आमच्या घरी पुढे बरेच रामायण झाले.

आमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या शेकडो पाकिटांतून त्याने एक उचलले, कारण त्यावरचे नाव त्याला ओळखीचे वाटले. नाव होते 'राक्षस'. घरी आणून त्याने ते आजींना दाखवले. आजी सावंतवाडीच्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या. असा मुक्काम ज्यांच्या घरी झाला आहे त्यांना दिवसाचा क्रम सांगायला नको: मेलबॉक्सपर्यंत फेरी, फोनवर मालिका, आणि नातू शाळेतून आला की "जेवलास का?" "हो." एवढ्यावर संवाद संपायचा. त्या दिवशी आजींनी चष्मा पुसून ती दोन पेरांची मूर्ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ह्यो खंयचो राक्षस?"

प्रश्न रास्त होता. मूर्तीला तोंड वाघाचे, अंगात पायघोळ रेशमी झगा, आणि हात मनगटापासून उलटे. जिथे तळहात हवा तिथे हाताची मागची बाजू. "उलटे पाय भुताचे असतात," आजी म्हणाल्या. "उलटे हात कोणाचे मी तरी ऐकले नाहीत." मुलाला उत्तर देता येईना, आम्हांलाही येईना. मग शोधाशोध केली. जे हाती लागले ते सांगण्यासारखे आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो.

या खेळाचे जन्मस्थान आपल्यापासून फार लांब नाही. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे उन्हाळ्यात सहलीला जातात तेच विस्कॉन्सिनमधले लेक जिनिव्हा. तिथे गॅरी गायगॅक्स राहत. जन्म शिकागोचा, १९३८ सालचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, शिकागो सिम्फनीत व्हायोलिन वाजवणारे. म्हणजे हेही इमिग्रंटाचेच चिरंजीव! विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर हे गृहस्थ बूट दुरुस्त करून संसार चालवीत आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहीत. १९६८ साली त्यांनी गावातल्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये खेळणाऱ्यांचे एक संमेलन भरवले, तेच पुढे वाढत जाऊन आता इंडियानापोलिसला भरणारे 'जेन कॉन'. मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्या वेळी राक्षसांच्या तयार मूर्ती फारशा मिळत नसत, म्हणून त्यांनी स्वस्त वस्तूंच्या दुकानातून हाँगकाँगमध्ये बनलेल्या चित्रविचित्र प्लास्टिक प्राण्यांची पिशवी आणली आणि त्यांना नावे देऊन खेळातले नवे प्राणी तयार केले. आपल्याकडे आधी पुराण आणि मग मूर्ती. इथे काही प्राण्यांच्या बाबतीत मूर्ती आधी आली आणि पुराण मागून.

आपला राक्षस मात्र त्या पिशवीतला नव्हे. तो टीव्हीवरून आला. 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' नावाची एक मालिका होती. शिकागोचा एक वार्ताहर भुताखेतांच्या मागावर असतो, असे तिचे सूत्र. २० डिसेंबर १९७४ रोजी तिचा 'हॉरर इन द हाइट्स' हा भाग दाखवला गेला. शिकागोतल्या वृद्ध ज्यूंच्या वस्तीत एक राक्षस शिरतो. समोरच्याला तो त्याच्या सर्वांत विश्वासाच्या माणसाच्या रूपात दिसतो आणि जवळ आल्यावर खाऊन टाकतो. त्याला मारायचे तर मंत्रवलेला बाणच हवा. त्याच्या मागावर असलेला एक म्हातारा हिंदू वस्तीत ठिकठिकाणी स्वस्तिके काढून ठेवतो, आणि तिथले रहिवासी ती नाझींची समजून हादरून जातात. हा भाग आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. दारातल्या रांगोळीत स्वस्तिक काढावे की नको, शेजारी काय म्हणतील, ही चर्चा आपल्यापैकी किती घरांत झाली असेल! ती पन्नास वर्षांपूर्वीच्या एका भयपटात भेटेल असे वाटले नव्हते.

आपल्या खेळातल्या राक्षसाची कल्पना त्याच भागावरून सुचली, असे गायगॅक्स यांनी पुढे सांगितले आहे. १९७५ मध्ये तो खेळाच्या नियतकालिकात आला. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात डेव्हिड ट्रॅम्पिअर या चित्रकाराने त्याला वाघाचे डोके, अंगात साहेबी झगा आणि हातात पाइप दिला. चित्र इतके झकास उतरले की तेव्हापासून बहुतेक राक्षसांना वाघाचेच डोके. पुढे हात उलटे, हीही त्याची खूण होऊन बसली. खुद्द ट्रॅम्पिअरची कथा चटका लावणारी आहे. १९८८ च्या सुमारास त्याने चित्रे काढणे सोडले आणि तो दिसेनासा झाला. बऱ्याच वर्षांनी आपल्याच इलिनॉय राज्यात, कार्बनडेलला, टॅक्सी चालवताना सापडला. २०१४ साली तो वारला.

हे सगळे आजींना मराठीतून सांगायचे काम मुलाकडे आले, कारण वाचले त्याने होते. अडखळत, हातवारे करत त्याने सांगितले. आजींनी निकाल दिला तो असा. रूप पालटतो हे बरोबर, राक्षस कामरूपी असतात. मारीच सोन्याचा हरीण झाला, शूर्पणखा सुंदर बाई होऊन आली. विश्वासातल्या माणसाचे रूप घेतो हेही पटण्यासारखे. वाघाचे डोके मात्र पदरचे. मग मुलाने पुस्तकातली आणखी एक गोष्ट सांगितली. त्या खेळात प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे त्याचा स्वभाव छापलेला असतो. राक्षसापुढे 'लॉफुल इव्हिल' आहे, म्हणजे नियमाने वागणारा पण दुष्ट.

"सगळेच?" आजींनी विचारले.

"सगळेच."

"मग बिभीषणाचे काय? आणि घटोत्कचाचे?"

बिभीषण कोण हे त्याला अर्धवट माहीत होते, घटोत्कच अजिबात नाही. भीमाचा मुलगा, हिडिंबेच्या पोटचा, पांडवांच्या बाजूने लढला आणि कर्णाच्या हातची शक्ती आपल्या अंगावर घेऊन मेला, हे ऐकताना त्याने हातातला चिमटा खाली ठेवला होता. रावण पुलस्त्याचा नातू आणि वेद जाणणारा होता, हे कळल्यावर म्हणाला, "आजी, तू हे आधी का नाही सांगितलंस?" आजी म्हणाल्या, "तू विचारलंस कधी?"

आता रंगकामाकडे वळू.

प्लास्टिकची मूर्ती आधी भांडी घासायच्या साबणाने धुवायची, कारण साच्यातला तेलकटपणा तिला चिकटलेला असतो. साच्याच्या दोन भागांची शिवण अंगावर बारीक रेघेसारखी दिसते, ती बोथट सुरीने खरवडून काढायची. मग प्रायमर. हवा फार दमट असताना फवारला तर तो रवाळ बसतो आणि मूर्तीवर वाळू शिंपडल्यासारखी दिसते, म्हणून कोरडा दिवस पाहून गॅरेजचे दार उघडे टाकून हे काम करावे. हे पाहून आजींनी सावंतवाडीची गोष्ट काढली. लहानपणी त्या चितारआळीजवळ राहत. तिथे लाकडी फळे-खेळणी आणि गंजिफा रंगवणारी घरे होती. दशावतारी गंजिफाचा पूर्ण संच १२० पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, सगळी पाने गोल. ती कला विझत आली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून ती पुन्हा उभी केली. तिथेही रंगाच्या आधी पानाला चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर द्यायचा. "म्हणजे प्रायमर," मुलगा म्हणाला. "तुझा फवारा, आमची खळ," आजी म्हणाल्या.

रंग अॅक्रिलिकचे, पाण्यात कालवायचे. बाटलीतून थेट लावला तर मूर्तीच्या नाकाडोळ्यांवर साय धरल्यासारखी होते. दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्यावेत. रंग लवकर वाळू नये म्हणून एका पसरट डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बेकिंगचा कागद घालतात आणि कागदावर रंग कालवतात. यासाठी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याचे झाकण उत्तम, विकतचे काही लागत नाही. पहिला सपाट रंग वाळला की 'वॉश' द्यायचा. हा पाण्यासारखा पातळ गडद रंग घडीघडीत, केसाकेसांत उतरतो आणि सावल्या आपोआप पडतात. त्यानंतर उंचवट्यांवर फिकट, आणखी फिकट. एवढ्या लहान वस्तूवर घरातला उजेड पुरेशी सावली पाडत नाही, म्हणून ती रंगाने पाडावी लागते. सगळी करामत एवढ्याचीच.

ब्रशाबद्दल एक इशारा. चांगले ब्रश कोलिन्स्की नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या केसांचे असतात. ज्यांना ते नको असतील त्यांनी सिंथेटिक घ्यावेत, शिकायला पुरतात. आणि टोक काढायला ब्रश ओठांत धरायची सवय या छंदातल्या लोकांना असते, ती मुलांना लागू देऊ नये. आमच्याकडे हे काम आजींनीच केले. "उष्टा ब्रश परत रंगात घालतोस?" या एका वाक्याने सवय मोडली.

वाघाच्या अंगाला पिवळी माती आणि नारिंगी यांच्या मधला रंग, त्यावर तपकिरी वॉश, हे त्याने व्हिडिओ पाहून नीट केले. पट्ट्यांवर अडले. त्याने पहिले दोन पट्टे ओढले ते झेब्रा क्रॉसिंगसारखे. आजींचा हात ब्रशाकडे गेला. मुलगा ओरडला, "आजी, नाही! रूल आहे!" मग दुकानात विचारून आला: सांगितलेले चालते, हात लावलेला चालत नाही. झाले. पुढचे तीन आठवडे आजी त्याच्या शेजारी हात मांडीवर घट्ट धरून बसल्या आणि तोंडाने रंगवत राहिल्या. "बारीक सुरू कर, मधे जाड, टोकाला निमुळता." निमुळता म्हणजे काय ते त्याला कळेना, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात बॉलपेनने काढून दाखवला. त्याने 'डार्क' म्हटले की त्या 'गडद' म्हणत. अशाने गडद, फिकट, कड, घडी, उठाव, काठ, नक्षी, ठिपका असे वीस-पंचवीस शब्द त्या टेबलावर रुळले. रविवारच्या मराठी वर्गात दोन वर्षांत त्याने एवढे शब्द आपणहून वापरलेले आम्ही ऐकले नव्हते. (वर्ग घेणाऱ्या ताईंनी रागावू नये, पहिली शंभर अक्षरे त्यांनीच गिरवून घेतली आहेत.)

झग्याचा रंग पुस्तकाप्रमाणे लाल ठेवायचा असे त्याने ठरवले होते. आजींना काळा हवा होता, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर दशावतारातला संकासुर होता. आड दशावतारात वेद चोरणारा तो, काळा वेश, लांबलचक जीभ, रात्री बारा वाजता मंडपात आला की पोरे आईच्या पदराआड. मुलाने ऐकून घेतले आणि झगा लालच केला. स्पर्धक तो होता. काठ मात्र त्याने हिरवा काढला आणि त्यावर पिवळ्या रंगाचे ठिपके एकाआड एक दिले, पैठणीच्या काठासारखे. सोनेरी रंग वापरला नाही. साध्या पिवळ्यावर पांढरट टिंब दिले की जर चमकल्यासारखी वाटते, हे त्याचे त्यालाच सुचले.

खरे भांडण डोळ्यांवरून झाले. व्हिडिओतले सगळे गुरू सांगतात, डोळे आधी काढा. चुकले तर आजूबाजूचा रंग वरून देऊन सावरता येते. यात तथ्य आहे. आजींना हे मुळीच मान्य नव्हते. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होते. बाकीचे अंग कोणीही रंगवो, आखणीला हात बसलेला माणूस बसतो. "डोळे आधी काढलेस तर तो महिनाभर अर्धा उघडा बघत बसेल," त्या म्हणाल्या. मुलाने दोन दिवस विचार केला. आम्ही मध्ये पडलो नाही. शेवटी त्याने डोळे शेवटी काढायचे ठरवले, आणि का असे विचारल्यावर खांदे उडवले.

मोहरीच्या दाण्याहून लहान जागा. दोन्ही कोपरे टेबलावर टेकून, मनगटे एकमेकांना जोडून, श्वास सोडता सोडता टिंब द्यायचे. आजी बघवत नाही म्हणून स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. डावा डोळा पहिल्या झटक्यात बसला. उजवा चार वेळा पुसावा लागला आणि शेवटी डाव्यापेक्षा किंचित वरच राहिला. राक्षस जरा संशयाने बघतो आहे असे दिसू लागले. आजींनी बाहेर येऊन चष्म्यातून पाहिले आणि म्हणाल्या, "आता झाला."

२०२४ साली भारतातली नरक चतुर्दशी आणि इथला हॅलोविन एकाच तारखेला आले, ३१ ऑक्टोबरला. कारीट इथे मिळत नाही. अंगठ्याखाली फोडायला कोणी काकडीची चकती घेते, आमच्याकडे चेरी टोमॅटो असतो. टेबलावरच्या राक्षसालाच नरकासुर करायचा का, असे मुलाने थट्टेने विचारले. गोव्यात पोरे महिनाभर खपून नरकासुराचे पुतळे उभारतात, वाड्यावाड्यांत स्पर्धा लागतात, आणि पहाटे ते जाळून टाकतात, हे आजींनी त्याला सांगितले होते. एक महिना घालवून केलेली वस्तू जाळायची, हे त्याला काही केल्या पटत नव्हते. "हा नरकासुर नव्हे," आजी म्हणाल्या आणि त्यांनी मूर्ती उचलून, स्पर्धेआधीच हात लावायचा नाही म्हणून रुमालात धरून, किल्ल्याकडे नेली. किल्ल्याच्या पायथ्याशी वाघाची गुहा असते. आमच्या किल्ल्याला वाघ नव्हता. तिथे हा दोन दिवस बसला.

शनिवारी निकाल लागला. बक्षीस मिळाले नाही. पहिले एका कॉलेजातल्या मुलीच्या सापळ्याला मिळाले. हाडांवर तिने मेणबत्तीचा उजेड नुसत्या रंगाने पाडला होता, तेव्हा निकालाबद्दल आमची तक्रार नाही. परीक्षकांच्या चिठ्ठीवर मुलासाठी दोन ओळी होत्या: पट्टे छान, झग्याचा काठ कशावरून घेतला? त्याने तिथेच उभे राहून त्यांना पैठणी समजावून सांगायचा प्रयत्न केला. नीट जमले नाही. घरी येऊन आजींकडून त्यांच्या ट्रंकेतल्या साडीचा फोटो काढून घेतला आणि पुढच्या शनिवारी दुकानात नेऊन दाखवला.

किल्ल्यावर हा राक्षस ठेवला तेव्हा एक अडचण ध्यानात आली. भारतातून आणलेले मातीचे मावळे त्याच्या शेजारी अगदी राक्षस दिसत होते आणि राक्षस मावळा. त्याच मापाचे मावळे हवेत. आमच्या दुकानात मध्ययुगीन युरोपचे सैनिक, एल्फ, ऑर्क सगळे आहेत, सतराव्या शतकातला मावळा नाही. तेव्हा साध्या भालाईताची मूर्ती घेऊन, तिचे शिरस्त्राण कापून, एपॉक्सी पुटीने मुंडासे बांधण्याचा उद्योग मुलाने सुरू केला आहे. मुंडासे कसे गुंडाळतात हे आजी आता सावंतवाडीहून फोनवर दाखवतात, आजोबांच्या उपरण्याने. आतापर्यंत सात मावळे झाले आहेत, त्यांपैकी दोघांची मुंडाशी पाहून आजींनी नापसंती कळवली आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. त्या निमित्ताने मंडळाच्या दिवाळीत हॉलमध्ये मोठा किल्ला करावा असे काही जणांच्या मनात आहे. राजगड की प्रतापगड यावर कमिटीत अजून एकमत नाही, ते होईल तेव्हा होवो. मावळे मात्र चाळीस तरी लागतील. ज्या मुलामुलींना, आणि ज्या आजी-आजोबांना, हात लावायचा आहे त्यांनी सेक्रेटरींकडे नावे द्यावीत. इथे हात लावायला बंदी नाही. आमच्या बेसमेंटमध्ये दर दुसऱ्या रविवारी दुपारी दोन ते पाच बसू. एका मूर्तीला पाच-सहा डॉलर धरावेत, रंग आणि प्रायमर आमच्याकडे आहेत. जुने कपडे घालून यावे, अॅक्रिलिक एकदा वाळला की कपड्यावरून निघत नाही. गराज सेलमधल्या जुन्या धातूच्या मूर्ती कृपया आणू नयेत, त्यांत शिसे असू शकते आणि त्या खरवडणे लहान मुलांपाशी बरे नाही. श्रीखंडाच्या डब्यांची झाकणे असतील तेवढी आणावीत.